लाल ताऱ्याचे दोन आकडे

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं जानेवारीचं कार्ड पोचलं. महिना संपून चार दिवस होत नाहीत तोच टेबलावर येऊन पडणारं ते एकच कार्ड असतं. टपाल आणणाऱ्या काकांनाही आता तुझं अक्षर ओळखू येतं.

आठ महिन्यांपूर्वी मला वेधशाळेत या टेबलावर बसवलं, तेव्हा सगळ्यात आधी मी तुझाच गठ्ठा सोडून पाहिला होता. सव्वीस वर्षांची कार्डं. आमचं काम म्हटलं तर सोपं. ठिकठिकाणचे हौशी लोक आपापल्या गच्चीवरून लाल राक्षसी तारे बघतात, कुठला किती उजळला, किती उतरला ते लिहून पाठवतात, आणि आम्ही सगळ्यांचे आकडे एका आलेखावर मांडतो. पण हे म्हातारे झालेले, फुगलेले तारे एकदा उजळून मंद व्हायलाच वर्ष-वर्ष घेतात. सव्वीस वर्षं त्यांच्या मागे राहणारी माणसं आमच्याकडे तीनच आहेत. आमच्या प्रमुख बाई तुझ्या गठ्ठ्याला ‘खांब’ म्हणतात.

म्हणूनच विचारायला जड जातंय. ज्या ताऱ्याला तू म्हातारी म्हणतोस, तिचा जानेवारीचा आकडा तू ५.८ दिला आहेस. बाकी एकोणीस जणांनी ६.३ च्या आसपास दिलाय. आकडा जितका लहान तितका तारा उजळ, हे मला तूच शिकवलंस. म्हणजे तुला ती सगळ्यांपेक्षा अर्ध्या प्रतीने, म्हणजे अर्ध्या आकड्याने, जास्त उजळ दिसतेय. एखाद्या वेळी असं होतं. पण मागे जाऊन बघितलं तर तीन-चार वर्षं हेच चाललंय, आणि फरक हळूहळू वाढत गेलाय. शिवाय ती अगदी मंद होते त्या दिवसांत तुझ्या कार्डावर नुसतं ‘ढगाळ’ असतं. गेल्या खेपेला सलग सत्तावीस दिवस.

तू दुर्बीण बदललीस का? की तुलनेचे तारे बदललेस? तसं काही असेल तर दोन ओळी लिही, मी इथे नोंद करून टाकते. मामीला माझी आठवण सांग.

तुझी,
मुंगी


१२ फेब्रुवारी

प्रिय मुंगे,

लहानपणी दिसेल ते ओढत घरात आणायचीस म्हणून तुला हे नाव पडलं. आता माझी जुनी कार्डं ओढून काढलीस. सवय काही गेली नाही.

तुझ्या त्या एकोणीस जणांना आधी डोळे तपासून घ्यायला सांग. मी एकतीस वर्षं कापडाच्या गिरणीत छटा जुळवतोय. गिऱ्हाइकाचा नमुना एका हातात, आमच्या रंगाच्या कढईतून निघालेली चिंधी दुसऱ्या हातात, आणि उत्तरेच्या खिडकीचा उजेड. मी मान हलवली की चारशे मीटर कापड रंगतं, नाही हलवली की सगळं खातं थांबून राहतं. अशा माणसाला तू लाल तारा किती लाल ते विचारतेस.

दुर्बीण तीच आहे. तुलनेचे तारेही तेच. म्हातारीच्या शेजारचे ते दोन पांढरे, एक जरा उजळ, एक जरा मंद. त्या दोघांच्या मधे ती कुठे बसते ते बघायचं आणि आकडा लिहायचा. सव्वीस वर्षं यात काडीचा बदल केलेला नाही. आणि ढगाळ लिहिलंय म्हणजे ढगाळ होतं. आमच्याकडचं आभाळ तुझ्या टेबलाला विचारून भरत नाही.

गिरणीत सध्या डोक्याला ताप आहे. इस्पितळाच्या पडद्यांचं निळं कापड परत आलं. अर्धं एक निळं आणि अर्धं दुसरंच, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही वेळच्या चिंध्या मी स्वतः पाहिल्या होत्या आणि दोन्ही सारख्या होत्या. म्हणजे कढईवरच्या माणसाने माझ्या होकारानंतर काहीतरी घोळ घातला असणार. साहेबांना तसं सांगितलं. त्याला चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय. अठरा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर काम केलं त्याने, त्यामुळे वाईट वाटतं. पण मी तरी काय करणार.

मामी मजेत आहे. तू जेवत जा वेळेवर.

मामा


२२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. आता चौथ्यांदा लिहितेय ते तसंच पाकिटात घालणार आहे.

तुझ्या गच्चीपासून दोन गल्ल्या पलीकडे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई राहतात. त्याही आम्हाला कार्डं पाठवतात, हे तुला बहुतेक माहीत नाही. तू ‘ढगाळ’ लिहिलेल्या सत्तावीस दिवसांपैकी एकोणीस दिवस त्यांनी म्हातारी बघितली आहे. आकडाही दिलाय, ९.४, ९.६. शेरा दिलाय: आभाळ स्वच्छ.

ही गोष्ट माझ्याआधी आमच्या बाईंच्या लक्षात आली. त्या म्हणाल्या, माणूस थकतो, गच्चीवर जाणं होत नाही, आणि मग जुन्या वर्षांवरून अंदाजाने आकडे भरायला लागतो. त्यांनी असे दोघं-तिघं पाहिले आहेत. तसं असेल तर तुझी शेवटची तीन वर्षं खोडावी लागतील. मी त्यांच्याकडून एक महिना मागून घेतला.

मामा, मला फोनवर हे विचारता आलं नसतं म्हणून लिहिते. तू आकडे बसल्या जागी भरतोस का? भरत असशील तर मला सांग. मी तुला एका शब्दानेही बोलणार नाही, पण आलेखावर खोटा ठिपका मी ठेवू शकत नाही. हेही तुझ्याकडूनच शिकले आहे.

मुंगी


१८ मार्च

चि. भाचीस,

तुझं पत्र मिळाल्याला तीन आठवडे झाले.

न बघता मी एकही आकडा लिहिलेला नाही. ‘ढगाळ’ मात्र खोटं लिहिलं. का ते विचारू नकोस.

माझं नाव यादीतून काढून टाक. कार्डं यापुढे येणार नाहीत.

मामा


२३ मार्च

प्रिय मामा,

‘चि. भाचीस’ वाचून मी टेबलावर डोकं ठेवून रडले. बाईंनी मला पाणी आणून दिलं आणि तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचून म्हणाल्या, “हा माणूस खरं बोलतोय. मग आकडे का चुकतात ते शोध.”

तेव्हापासून चार दिवस मी तुझी कार्डं घेऊन बसले होते. आतापर्यंत आम्ही फक्त तुझे लाल तारे बघत होतो. पण तू दोन-तीन पांढऱ्या ताऱ्यांचेही आकडे पाठवतोस. ते मी वेगळे काढले आणि इतरांच्या शेजारी मांडले. मामा, पांढऱ्यांच्या बाबतीत तू एका दशांशानेही चुकलेला नाहीस. एकदाही नाही. चुकतात फक्त लाल. आणि जो जास्त लाल, तो तुला जास्त उजळ दिसतो. अंदाजाने आकडे भरणारा माणूस रंग बघून खोटं बोलत नाही.

मग जुन्या फायली काढल्या. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका नकाशे काढणाऱ्या गृहस्थांचं टिपण मिळालं. त्यांचेही लाल तारे असेच उजळ होत गेले होते. एके दिवशी त्यांनी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, आणि पट्टी निघाल्यावर सगळे लाल तारे जागच्या जागी मंद झाले. पांढरे होते तिथेच राहिले. त्यांना मोतीबिंदू झाला होता. मोतीबिंदूने डोळ्यातलं भिंग पिवळट होतं. निळसर पांढरा उजेड त्यात अडतो, लाल मात्र येत राहतो. तुझे तुलनेचे दोन्ही तारे पांढरे आहेत. ते तुला मंद दिसायला लागले, म्हणून त्यांच्या मधे बसणारी म्हातारी वर चढली. आणि जेव्हा ती खरोखर मंद होते, तेव्हा तुला ती दिसतच नव्हती. म्हणून ढगाळ. हो ना?

आता एक विचारते, रागावू नकोस. आजोबांचे डोळे अठ्ठावन्नाव्या वर्षी काचबिंदूने गेले. मी सहा वर्षांची होते, पण ते ताटाच्या कडेवरून बोट फिरवून वाटी शोधायचे ते मला आठवतं. तू येत्या सप्टेंबरात अठ्ठावन्नाचा होशील. तुला तेच वाटलं, म्हणून तू कुणाला बोलला नाहीस आणि डॉक्टरकडेही गेला नाहीस, असं आहे का?

मी डॉक्टर नाही. पण डोळ्याची नस जात असती, तर लाल काय आणि पांढरा काय, उजेड सगळ्यांचाच जायला हवा होता. तुझी कार्डं तसं म्हणत नाहीत. या आठवड्यात जा. मामीला घेऊन जा. आणि ते निळं कापड पुन्हा एकदा दुसऱ्या कुणाला तरी दाखव.

तुझीच,
मुंगी


९ एप्रिल

प्रिय मुंगे,

बस आणि नीट वाच. मोठं पत्र आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते खिशात घालून कामावर गेलो. कापड काही कुणाला दाखवलं नाही, आधी स्वतःच बघायचं ठरवलं. दोन्ही निळ्या चिंध्या खिडकीत धरल्या. सारख्या. मग आमच्या हिशेबाच्या खोलीतल्या मुलीला हाक मारली, तिला रंगातलं काही कळत नाही. म्हटलं, या दोन कशा वाटतात? ती म्हणाली, “एक निळी आहे, एक जांभळट.” इतक्या सहज म्हणाली.

त्या संध्याकाळी मामीला सगळं सांगितलं. म्हणजे सांगायला बसलो. दोन वर्षं मी घरात कुणी नसताना डोळे मिटून चालायचा सराव करत होतो, मुंगे. जिन्याच्या सोळा पायऱ्या, गच्चीच्या दारापासून कठड्यापर्यंत नऊ पावलं, मोरीचा उंबरा, कपाटाचा कोपरा. वडिलांना धडपडताना पाहिलं होतं. आपण धडपडायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. हे तिला कसं सांगावं म्हणून शब्द जुळवत होतो, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “पायऱ्या मोजता ते मला ऐकू येतं. मोठ्याने मोजता तुम्ही.” दोन वर्षं तिला माहीत होतं. मी सांगीन म्हणून वाट बघत होती, आणि मी सांगत नाही म्हणून तीही घाबरली होती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या असतील. आधी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, मग डोळ्यांत थेंब घालून तासभर बाकावर बसवलं. त्या तासात मी काय काय ठरवलं ते विचारू नकोस. कुठली वस्तू कुणाला द्यायची तेसुद्धा ठरवून झालं. मामी शेजारी बसून माझ्या मनगटाला धरून होती, जणू मी पळून जाणार. मग आत बोलावलं. हनुवटी यंत्रावर टेकवली, डोळ्यांत प्रखर उजेड सोडला. मी विचारलं, “काचबिंदू आहे ना? घरात आहे आमच्या.”

त्या म्हणाल्या, “दाब व्यवस्थित आहे. नस ठणठणीत आहे. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. काढून टाकू.”

मी म्हटलं, पुन्हा एकदा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मामीने मला यंत्रावरून ओढून काढलं. एका शब्दाने, मुंगे. काच आणि मोती, एवढाच फरक. बाहेर आलो, थेंबांमुळे सगळं धूसर, उन्हाने डोळे मिटलेले, आणि मामीचा हात धरून रस्त्याने चाललो होतो. पायऱ्या-पावलं काहीएक मोजली नाहीत. घरी येऊन दुपारी तीनला झोपलो तो दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो.

पण उठल्याबरोबर कढईवाला आठवला. दीड महिना तो माणूस घरी बसून होता, तो माझ्या शब्दावर. मी साहेबांच्या खोलीत गेलो, दवाखान्याचा कागद पुढे ठेवला आणि सांगितलं, कापडाची चूक माझी आहे, त्याच्या कढईत काही खोट नव्हती. साहेब बराच वेळ कागद उलटासुलटा करत राहिले. मग म्हणाले, त्याला उद्यापासून बोलावतो, आणि तुम्ही ऑपरेशन होईपर्यंत छटेला हात लावायचा नाही. माझ्या फायलीत तसं पत्रही लागलं. लागू दे.

त्याच्या घरी मात्र मी स्वतः गेलो. दारातच उभं राहून सगळं सांगितलं. मला दिसत नव्हतं हेही सांगितलं, आणि दिसत नाही याची शंका असूनही मी त्याचं नाव घेतलं, हेही सांगितलं. ते दुसरं सांगणं जास्त अवघड गेलं. मघाशी लिहायचं टाळत होतो, पण तुझ्यापाशी लपवून काय करू. चिंध्या पाहताना मला खात्री नव्हती. खात्री नाही म्हणालो असतो तर डोळ्यांची गोष्ट बाहेर आली असती. म्हणून त्याचं नाव घेतलं.

तो ऐकून घेऊन म्हणाला, “तुम्ही तेव्हा मला एकदा विचारलं असतं तरी चाललं असतं.” एवढंच. आत बोलावलं नाही. मी परत आलो.

ऑपरेशन मे महिन्यात आहे. आधी डावा डोळा, मग उजवा. त्या तीन वर्षांचं काय करायचं ते तुझ्या बाईंना ठरवू दे. खोडली तरी माझी तक्रार नाही. तू मला आंधळा होण्यापासून वाचवलंस असं मामी सगळ्यांना सांगत सुटली आहे. मी दुरुस्त करत नाही.

तुझा मामा


१५ एप्रिल

प्रिय मामा,

तुझं पत्र मी जिन्यात उभ्यानेच वाचलं आणि तिथेच खाली बसले. वरून येणारे दोघं जण मला ओलांडून गेले. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा मला भूक लागली.

बाईंनाही वाचून दाखवलं, कढईवाल्याचा भाग सोडून. तो तुझा-माझा. त्यांनी तुला निरोप दिलाय: तीन वर्षं खोडायची नाहीत. पण त्यासाठी तुझं काम आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की उजव्याचं होईपर्यंत तुझ्याकडे एक नवा डोळा आणि एक जुना डोळा असेल. ही संधी पुन्हा येणार नाही. त्या दिवसांत प्रत्येक लाल तारा एकदा या डोळ्याने आणि एकदा त्या डोळ्याने बघ, आणि दोन्ही आकडे लिही. दोघांत जो फरक येईल, त्यावरून तुझी जुनी कार्डं आम्हाला दुरुस्त करता येतील. बाई म्हणाल्या, असा खांब पाडायचा नसतो, सरळ करायचा असतो.

तुझ्या पत्रात एक गोष्ट चुकीची आहे. मी तुला वाचवलं नाही. मी तुला खोटा म्हटलं होतं. ते माझ्या लक्षात आहे, आणि तुला भेटेन तेव्हा तोंडाने माफी मागणार आहे. पत्रात मागितलेली धरू नकोस.

मुंगी


११ जुलै

प्रिय मुंगे,

कार्ड सोबत आहे. दोन रकाने केलेत, ‘जुना’ आणि ‘नवा’. सहा लाल तारे, प्रत्येकाची वीसच्या वर निरीक्षणं; यंदा पाऊस लांबला म्हणून जमलं. म्हातारी जुन्या डोळ्याला ८.२, तर नव्याला ८.७, बाकीच्यांचाही फरक असाच, कमी लाल असेल त्याचा थोडा कमी. आणि गेल्या आठवड्यात ती ९.३ ला उतरली तेव्हा जुन्या डोळ्याला काही दिसेना, नव्या डोळ्याला दिसली. बारीक टाचणीच्या टोकाएवढी, पण दिसली. तीन वर्षांनी तिला तिच्या मंदपणात पाहिलं. मामीला वर बोलावून दाखवली. ती म्हणाली, “एवढ्यासाठी?” आणि तरी दहा मिनिटं दुर्बिणीला डोळा लावून बसली.

दुसरं ऑपरेशन खरं तर जूनमध्येच व्हायचं होतं. तुझ्या दोन रकान्यांसाठी मी दीड महिना पुढे ढकलून घेतलं. डॉक्टरीणबाईंना कारण सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, थांबल्याने काही बिघडत नाही, फक्त जिन्यावर जपा. मामी आठ दिवस बोलली नाही.

पट्टी निघाली त्या दिवसाचं काय सांगू. स्वयंपाकघराची भिंत मी इतकी वर्षं पिवळी समजत होतो, ती पांढरी आहे. माझा रोजचा करडा सदरा निळा निघाला. मामीचे केस इतके पांढरे झालेत हेही तेव्हाच कळलं, पण ते मी बोललो नाही.

जूनच्या पहिल्या सोमवारी कामावर गेलो. साहेबांनी छटेचं टेबल परत दिलं, पण महिनाभर दुसऱ्या माणसाची सही लागेल म्हणाले. मला मान्य होतं. कढईवाला तिथेच होता. एप्रिलपासून तो माझ्याशी कामापुरतंही बोलत नव्हता, समोर दिसलो की वळून जायचा. त्या दिवशी त्याने पाच निळ्या चिंध्या आणून माझ्यासमोर पसरल्या आणि हाताची घडी घालून उभा राहिला. मला कळलं काय हवंय ते. मी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि त्या फिक्यापासून गडदपर्यंत लावल्या. दोन जवळजवळ सारख्या होत्या. तिथे मी थांबलो आणि म्हटलं, “या दोघींचं मला नक्की सांगता येत नाही. तुला काय वाटतं?”

तो खाली वाकला, बराच वेळ बघितलं आणि एक चिंधी उचलून डावीकडे ठेवली. बरोबर होतं त्याचं. मग म्हणाला, “कढई तापलीय, चला.” त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक चिंधी दोघं मिळून बघतो. साहेबांनी दुसऱ्या सहीसाठी त्याचंच नाव घातलं.

तू ऑगस्टमध्ये येतेयस असं मामी म्हणाली. ये. माफी वगैरे मागायची तर जेवण झाल्यावर माग, आधी मागितलीस तर मला जेवण जाणार नाही.

उद्या सकाळी सातला उजवा डोळा. आज घरी निघताना कढईवाल्याने वेळ विचारून घेतली आणि म्हणाला, साडेसहाला तुमच्या दारात येतो, सोबत. मी म्हटलं, अरे, एकाच डोळ्याचं काम आहे, दुसऱ्याने मला लख्ख दिसतं, मामीही आहे बरोबर.

तो म्हणाला, “माहीत आहे. तरी येतो.”

तुझा,
मामा